पाणी कडेनं शिरतं

आषाढातली दुपार. रत्नागिरीतल्या एका फ्लॅटचं स्वयंपाकघर. सिंकखालच्या कपाटाचं दार उघडलंय. वरचा सनमायका अजून नव्यासारखा चकचकीत. पण खालची कड बघा, चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगलीय. बोट लावलं की भुसा हातात येतो. बिजागरीचे स्क्रू केव्हाच सैल झालेत.

हा पार्टिकल बोर्ड. लाकडाचा चुरा आणि गोंद दाबून केलेला. कोरड्या हवेत पुस्तकांचं कपाट म्हणून तो चांगला टिकतोही. पण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मिठाला पाणी सुटतं, चामडी पट्ट्यावर बुरशी धरते. एकदा फुगलेला हा बोर्ड सुकला तरी पुन्हा बसत नाही. साध्या एमडीएफचंही, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डाचंही, तेच. त्याचाच ओल सोसणारा भाऊ, एचडीएचएमआर, जास्त घट्ट असतो, दमट हवा बरीच सोसतो. साचलेलं पाणी मात्र त्यालाही नको.

मग प्लायवूड. दुकानात 'वॉटरप्रूफ' हा शब्द ऐकून पैसे मोजू नका, शीटवरचा शिक्का वाचा. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ३०३, एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) म्हणजे नुसती हवेतली ओल सोसणारा. माळ्याच्या दारांना तो चालेल. बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) त्याच्या वरचा, उकळतं पाणी सोसणारा, ओट्याखालच्या कपाटांना हाच घ्या. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, कारण खरी परीक्षा लाकडाची नसते, थर धरून ठेवणाऱ्या गोंदाची असते.

आणि महागातला प्लाय आणूनही कड उघडी ठेवली, तर पाणी तिथूनच शिरतं. पाइपसाठी पाडलेलं भोक, दाराची खालची बाजू, भिंतीला टेकलेली पाठ, जिथे कुणाची नजर जात नाही तिथेही पट्टी किंवा सीलर हवाच. सिंकखाली तर मी कडप्पाच सांगेन. आपल्या जुन्या ओट्यांखाली तो उगाच नव्हता. खण कडप्प्याचे, दारं फक्त प्लायची.

याच घरात आता नवं काम निघालंय. सुतारकाकांनी दोन दुकानांतून आणलेले प्लायचे तुकडे एकाच पातेल्यात टाकलेत. सकाळपासून पाणी उकळतंय. एकाचे थर वहीच्या पानांसारखे सुटलेत. दुसरा त्यांनी सांडशीनं बाहेर काढला, निवू दिला, कडेत पटाशीचं टोक घालून उचकटून पाहिला.

थर हलला नाही.