ताप उतरला, आता बीपी नीट बघा
(नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर मुंबईत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पावसाळ्यात मुंबईतल्या कुठल्याही मेडिसिन वॉर्डात जा, डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) पेशंट असतातच. तुमच्यापैकी अनेकांची पहिली पोस्टिंग याच दिवसांत पडेल, म्हणून आज टीपीआर-बीपीबद्दल, म्हणजे ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजण्याबद्दल, मी डेंग्यूपासूनच बोलणार आहे.

डेंग्यूचा ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो. नातेवाईकांचा जीव भांड्यात पडतो. पेशंट विचारतो, "सिस्टर, घरी कधी सोडणार?" पण धोक्याचा काळ तिथूनच सुरू होतो. काही पेशंटमध्ये रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ द्रव भाग, बारीक रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपायला लागतो आणि हे २४ ते ४८ तास चालतं. बीपी मात्र लगेच कोसळत नाही. शरीर रक्तवाहिन्या आवळून धरतं, त्यामुळे वरचा आकडा बराच वेळ टिकतो आणि खालचा वर सरकतो. समजा, सकाळी ११०/७० होतं आणि दुपारी १००/८० आलं. सुटं पाहिलं तर कुणीही 'नॉर्मल' लिहून पुढच्या बेडकडे जाईल. पण दोन आकड्यांमधलं अंतर ४० वरून २० वर आलंय! डेंग्यूत ते २० किंवा त्याहून कमी होणं ही शॉकची, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचण्याची, खूण मानतात.

अशा वेळी मशीन बाजूला ठेवा आणि पेशंटचा हात हातात घ्या. तळवा गार आहे का? नाडी बारीक आणि जलद लागते का? नख दाबून सोडा. गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला तर काळजीचं आहे. शेवटची लघवी कधी झाली, तेही विचारा.

बीपीचा कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, दंडाला साजेसाच हवा. जाड दंडाला लहान कफ बांधला तर बीपी खोटंच जास्त येतं.

आता श्वास. याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण सगळ्यात जास्त हेळसांड याचीच होते. कित्येक चार्टवर श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २० लिहिलेलं असतं. सगळ्या वॉर्डाचा श्वास दिवसभर २० कसा असेल? मोठ्या माणसाचा श्वास शांत असताना मिनिटाला १२ ते २० असतो. पेशंट बिघडताना पुष्कळदा तोच आधी वाढतो. ऑक्सिजन लावलेल्या पेशंटचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९७ दिसेल आणि तो मिनिटाला ३० श्वास घेत असेल. बोटावरचं मशीन ही धडपड दाखवत नाही. मोजताना पेशंटला सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच राहू द्या, नजर छातीकडे वळवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा.

काही बिघडलेलं दिसलं तर डॉक्टरांना फोन करताना "पेशंट बरा वाटत नाही" एवढ्यावर थांबू नका. बेड नंबर, तापाचा कितवा दिवस, आधीचं बीपी, आताचं बीपी, नाडी, श्वास, हात गार आहेत की गरम, लघवी किती, हे सांगा. पहाटेचे तीन वाजले असले तरी संकोच करू नका. आणि फोन किती वाजता केला, ते चार्टवर लिहा.