रंजक पेटते, मग बार निघतो

(पडद्यावर: चकमकीच्या रायफलीचा घोडा पडतो. आधी नेहमीच्या वेगात, मग अगदी सावकाश.)

पुन्हा एकदा बघा. घोडा पडला. चकमक वाटीवरच्या पोलादी झाकणावर, म्हणजे पल्ल्यावर, घासली, ठिणग्या वाटीत पडल्या, तिथली बारीक दारू, म्हणजे रंजक, भडकली. आणि त्यानंतर, किंचित उशिरा, बार निघाला. या उशिरात नळीचं टोक हललं तर गोळी भलतीकडे जाते. सगळा सराव या फटीसाठी आहे.

ठिकाण आहे अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया. अठराव्या शतकात इथल्या लँकेस्टर परगण्यात जर्मन वंशाच्या कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली. १९७४ पासून या राज्यात हरणांच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम असतो, फक्त चकमकीच्या बंदुकीचा. साधारणपणे नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो सुरू होतो आणि जानेवारीत संपतो. बंदुकीवर दुर्बीण चालत नाही. थंडी कडक, हरणं आधीच्या हंगामांनी बिथरलेली, आणि हातात एकच बार.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता असला हंगाम नाही. पण कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक अनेकांनी पाहिलेली असते, त्यामुळे शब्द आपल्याकडे तयार आहेत. वाटीतली बारीक दारू म्हणजे रंजक. वाटीतून नळीत जाणारं भोक म्हणजे कान. इतिहासाच्या पुस्तकांत तोफांच्या कानांत खिळे ठोकल्याचं वाचतो ना, तोच हा कान.

(पडद्यावर: टेबलावर रायफल, ठासायचा गज, दारूचं शिंग, माप, गोळ्या, कापडाच्या चकत्या.)

नळीचा आतला व्यास अर्धा इंच, म्हणजे नळी .५० ची. गोळी .४९० इंच व्यासाची, मऊ शिशाची, वजन सुमारे १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. उरलेली जागा भरते कापडाची चकती: गादीच्या खोळीचं घट्ट विणीचं सुती कापड, जाडी .०१५ इंच. नळीच्या आत कोरलेल्या आट्यांचा, म्हणजे पिळदार चरांचा, पीळ गोळीला मिळतो तो या कापडातून. कापड फाटलं की नेमबाजी संपली.

कापडाला वंगण लागतं. नेमबाजीच्या मैदानावर बरेच जण थुंकीनं काम भागवतात, आणि तिथे ते चालतंही. पण शिकारीत भरलेली बंदूक चार-पाच तास हातात असते. तेवढ्यात ओल दारूत उतरते. म्हणून मेण आणि चरबीचं वंगण, आणि सरावातही तेच. थुंकीवर जुळवलेला नेम मेणाच्या चकतीवर जसाच्या तसा बसत नाही.

दारू काळीच. धूररहित दारू या नळीत चिमूटभरही जाता कामा नये. तिच्या दाबानं नळी फुटते. काळ्या दारूच्या बदली मिळणाऱ्या भुकट्या पेटायला जास्त उष्णता मागतात, चकमकीच्या ठिणगीवर त्यांचा भरवसा नसतो. नळीत २एफ किंवा ३एफ, वाटीत ४एफ. आकडा मोठा तितका दाणा बारीक.

सुरुवात ५० ग्रेनपासून. पाच गोळ्या मारायच्या, मग ५ ग्रेन वाढवायचे, पुन्हा पाच. .५० च्या नळीला बहुधा ७० ग्रेनच्या आसपास, म्हणजे साडेचार ग्रॅमला, छिद्रं एकमेकांजवळ यायला लागतात. अर्थात बंदूक बनवणाऱ्यानं दिलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. दारू वाढवली म्हणून नेम सुधारतो असं नाही; एका टप्प्यानंतर फक्त खांदा दुखतो आणि चकत्या जळतात.

(पडद्यावर: भरण्याची क्रिया, हातांवर कॅमेरा.)

आधी नळी पुसून घ्या. मागच्या बारानंतर एक ओलसर चिंधी, मग एक कोरडी. आत निखारा राहिला असेल तर तो ओल्या चिंधीनं विझतो. दारू शिंगातून थेट नळीत कधीच ओतायची नाही. आधी मापात, मापातून नळीत. निखाऱ्यानं मापभर दारू पेटली तर हात भाजेल. शिंग पेटलं तर हात राहणार नाही.

चकती तोंडावर, त्यावर गोळी, साच्यातून काढताना कापलेली बाजू वर. लाकडी खुंटीनं गोळी दोन-चार इंच आत, मग गज. आणि इथे बहुतेक गज मोडतात. गज वरच्या टोकाला धरून जोर लावला की तो वाकतो, तिरका चिरतो, आणि ते टोक तळहातात घुसतं. नळीच्या तोंडापासून वीतभर वर धरा, थोडं ढकला, पुन्हा वीतभर. तोंड स्वतःपासून दूर.

गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, प्रसंगी फुटते. म्हणून गजावर दोन खुणा करतात: एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. दर वेळी खूण बघायची. वीस बारांनंतर काजळीमुळे गोळी अडकते आणि हाताला वाटतं की टेकली. हाताचं ऐकू नका.

दारू टाकायलाच विसरणं हेही होतंच, आणि बहुधा गप्पा मारताना. मग कानातून सुईनं थोडे थोडे दाणे आत सारायचे, गोळी टेकलेली आहे हे पुन्हा बघायचं, आणि सुरक्षित दिशेला बार काढून टाकायचा.

आता वाटी. नवशिका ती काठोकाठ भरतो. कान रंजकीनं बुजला की आग वातीसारखी दाणा-दाणा जळत आत जाते, आणि ती फट लांबते. वाटी अर्धीच भरा, कान मोकळा ठेवा. आत जायला हवी ती ज्वाळा.

चकमक चामड्याच्या तुकड्यात घट्ट धरलेली, धार पल्ल्याला समांतर, डावी-उजवी बाजू एकाच वेळी टेकणारी. ठिणग्या लाल आणि तुरळक दिसल्या तर धार बोथट झाली. पितळी हातोडीनं हलके टवके काढायचे, पण भरलेल्या बंदुकीवर नाही.

कानातून बाजूला आगीचा फवारा उडतो. उजव्या हाताच्या बंदुकीच्या उजवीकडे कुणी उभं राहू नये. चष्मा आणि कानांचं संरक्षण सगळ्यांनाच.

(पडद्यावर: नेम धरलेला चेहरा. भडका. डोळे मिटतात.)

हे मिटलेले डोळे हाच खरा आजार. नाकासमोर भडका उडाला की मान मागे जाते. औषध घरीच आहे. चकमकीच्या जागी तेवढाच लाकडाचा तुकडा बसवा, बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, आणि रोज वीस वेळा चाप ओढा. घोडा पडल्यावरही माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा, लक्ष्यावर राहिली पाहिजे. मग मैदानावर रिकाम्या नळीवर नुसती रंजक उडवा. भडक्यातून माशी दिसत राहिली, तरच गोळी भरायची. चाप ओढल्यावर मनात ‘एक’ म्हणेपर्यंत नजर हलवायची नाही.

रंजक उडाली आणि बार झालाच नाही, तर बंदूक लक्ष्याकडेच, पूर्ण मिनिटभर. उशिरा पेटलेला बार कुणाला सांगून येत नाही. मग कान सुईनं मोकळा करून नवी रंजक.

नेम जुळवणं २५ यार्डांवर सुरू करा, नंतर ५०. पारंपरिक रायफलीची माशी मुद्दाम उंच दिलेली असते. गोळी खाली लागते, माशी कानशीनं घासली की वर येते. किती घासायचं, याचा हिशोब सोपा आहे. माशी ते नेमाची मागची खाच ८० सेंटिमीटर, ५० यार्ड म्हणजे ४५.७ मीटर, आणि गोळ्या १० सेंटिमीटर खाली. तर पावणेदोन मिलिमीटर. त्यातलं निम्मंच घासा आणि पुन्हा मारून बघा. घासलेली माशी वाढत नाही. दारूचं माप ठरण्याआधी कानस हातात घेणं हा शुद्ध उतावळेपणा. डाव्या-उजव्या चुकीसाठी खाच सरकवतात, आणि ती सरकवायची गोळी जिकडे न्यायची तिकडे.

दर पाच बारांनंतर पुढे जाऊन चकत्या उचलून आणा. त्या काही पावलांवर पडलेल्या असतात. मधोमध काळं वर्तुळ, कडा दशा सुटलेल्या, कापड शाबूत: उत्तम. मध्ये जळून भोक पडलं असेल तर वंगण कमी किंवा कापड पातळ. आट्यांच्या ओळीत सरळ चिरा असतील तर नळीचं तोंड धारदार आहे, ते घासून गुळगुळीत करावं लागतं. कागदावरच्या छिद्रांपेक्षा या चिंध्या जास्त बोलतात.

संध्याकाळी घरी आल्यावर आधी बंदूक. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाते. साबणाचं पाणी, चिंधी काळी येईनाशी होईपर्यंत. मग कोरडं, मग तेल. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी फिरवून बघा. तपकिरी आली तर पुन्हा सगळं. पुढच्या वेळी भरण्याआधी ते तेल स्पिरिटच्या चिंधीनं काढायचं, नाहीतर पहिला बार भिजतो.

(पडद्यावर: झाडाला टेकून बसलेला माणूस, हातमोजे, बर्फ. कागदी ताटली.)

टेबलावरचा सराव बंदुकीसाठी असतो. ती जुळली की टेबल सोडा. झाडाला टेकून, गुडघ्यावर, काठ्यांच्या आधारानं, हातमोजे घालून मारा. कारण जंगलात टेबल नसतं.

आणि एक ताटली वेगळी ठेवा, नऊ इंची. हरणाचं काळीज-फुप्फुस त्याहून थोड्या लहान जागेत असतं. दर खेपेला पहिला बार, स्वच्छ आणि थंड नळीचा, त्याच ताटलीवर मारायचा. छिद्राशेजारी तारीख लिहायची. बाकीचे कागद फेकून दिले तरी चालतील. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत आठ-दहा छिद्रं होतात. ती ७५ यार्डांवर ताटलीत मावत नसतील, तर तुमचं मारायचं अंतर ७५ नाही. ५० वर नवी ताटली लावा.