पैसे मोजता येतात, 'मनी' नाही

मंडळी, इंग्रजीत नामाचे प्रकार किती, असं विचारलं की वर्ग एका सुरात सांगतो: प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरिअल, ॲबस्ट्रॅक्ट. पाठांतर चोख! मराठीत मात्र आपण तीनच शिकलो: सामान्यनाम, विशेषनाम, भाववाचक नाम. 'कळप' आणि 'सोनं' आपण सामान्यनामातच धरतो, शाळेतल्या इंग्रजी व्याकरणानं त्यांना वेगळे कप्पे दिले, एवढाच फरक. ते पाच प्रकार परीक्षेपुरते पाठ असू द्यात. लिहिता-बोलताना आपला पाय घसरतो तो भलतीकडेच.

मी नोकरीसाठी पहिला अर्ज केला, त्यात 'इन्फर्मेशन्स' लिहिलं होतं. शेवटी एस लावून, ठसठशीत. आता मराठीत मी 'माहित्या' म्हणालो असतो का? जन्मात नाही. म्हणजे ही चूक मराठीमुळे झाली नाही, इंग्रजीच्या धास्तीनं झाली. 'ॲडव्हाइस'चं तसं नाही. आपण सर्रास 'दोन सल्ले' देतो, न मागताही देतो, म्हणून तिथे एस लावायचा मोह होतो. इंग्रजीत सल्ल्याचा 'पीस' द्यावा लागतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण कोथिंबिरीची आपण जुडीच घेतो ना?

जरा स्वयंपाकघरात चला. तांदूळ निवडले, गहू दळून आणले, पोहे भिजवले. सगळं अनेकवचन. पण ज्वारी दळली, साखर संपली. का हो, ज्वारीचे दाणे काय तांदळापेक्षा मोजायला अवघड आहेत? आणि तेच तांदूळ शिजले की 'भात झाला', लगेच एकवचन! इंग्रजीत 'राइस' आणि 'व्हीट' एकवचनी, पण 'ओट्स' अनेकवचनी. तिथेही दाण्यांचा काही दोष नाही.

तेव्हा 'मोजता येतं का?' हा प्रश्न वस्तूला विचारायचा नाही, शब्दाला विचारायचा. 'मनी' अनकाउंटेबल आहे म्हटलं की मुलं हसतात, सर, बँकेत मशीन लावून मोजतात की! मोजतात त्या नोटा आणि रुपये. म्हणून 'मेनी रुपीज', पण 'मच मनी'. शब्दाच्या आधी 'अ' किंवा 'ॲन' बसतो का, अनेकवचन होतं का, 'मेनी' चालतं की 'मच', एवढं तपासा. फर्निचर, लगेज, ब्रेड हे तिन्ही शब्द इथे नापास होतात. वाण्याकडे आपण 'दोन ब्रेड द्या' म्हणतो, तो देतोही. इंग्रजीत मात्र 'टू लोव्ज ऑफ ब्रेड'. 'न्यूज' तर आणखी लबाड: शेवटी एस दिसतो, पण क्रियापद 'इज'.

समूहवाचक नामाबद्दल एकच सांगतो. क्रिकेटच्या समालोचनात 'इंडिया आर' ऐकून चूक काढू नका. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत संघ म्हणजे अकरा जण धरतात, अमेरिकेत बहुधा एकच.

विशेषनामात आपली अडचण लिपीची आहे. देवनागरीत कॅपिटल अक्षरच नाही, त्यामुळे मंगळवार, मार्च, मराठी हे शब्द इंग्रजीत लिहिताना पहिलं अक्षर मोठं काढायचं हाताला सुचत नाही. आणि गोदावरीला 'द' लागतो, कळसूबाईला लागत नाही. नद्यांना लागतो, एकेकट्या शिखराला सहसा नाही. का, ते मला विचारू नका.

एकच शब्द दोन्हीकडे नांदतो, हे मात्र लक्षात असू द्या. 'पेपर' म्हणजे कागद, तेव्हा अनकाउंटेबल. 'अ पेपर' म्हटलं की सकाळचं वर्तमानपत्र, नाहीतर गणिताचा पेपर. 'आयर्न' म्हणजे लोखंड, 'ॲन आयर्न' म्हणजे इस्त्री.

मागून कुणीतरी केसांचं विचारलं. बरोबर, आपले केस पांढरे 'झाले', म्हणून इंग्रजीतही 'हेअर्स' तोंडात येतं. डोक्यावरचे सगळे मिळून 'हेअर', एकवचन. त्यातला एखादा आमटीत सापडला, तर तो 'अ हेअर'.

चहा आलाय. तो घेऊन मग आर्टिकल्सकडे वळू.