मनगटातली रेघ

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: ‘सतरा वर्षांखालील विश्वचषक आणि आपल्याकडची खेळाडूंची निवड’. निवडीकडे मी येणार आहे, शब्द देतो. पण आधी वयाचं बघू. मोठ्यांच्या फुटबॉल विश्वचषकात कोण एकोणीसचा आणि कोण अडतीसचा, याला काही महत्त्व नसतं. या स्पर्धेत मात्र वय हाच उंबरठा, तो ओलांडल्याशिवाय चेंडूला पाय लावता येत नाही.

२०१७ साली हा विश्वचषक आपल्या देशात झाला. ६ ते २८ ऑक्टोबर, २४ संघ, ५२ सामने, सहा शहरं. मैदानांत नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम आणि मडगावचं फातोर्डा स्टेडियम. अट एवढीच, की जन्म १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतरचा हवा. भारत अमेरिकेकडून ०-३ हरला, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. त्या संघात अनिकेत जाधव होता, आणि कोल्हापूरकरांना तो कोण हे मी सांगायला नको.

घानाच्या सामन्यानंतर एक वाक्य घराघरांत ऐकू आलं: “ती पोरं सतराची नव्हेतच.” शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर शालेय सामन्यांतही हेच ऐकू येतं, फक्त देशाच्या जागी शाळेचं नाव असतं. या वाक्याचा मला मनापासून राग येतो. कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर हेडर मारून फिफाच्या स्पर्धेतला भारताचा पहिला गोल केला तो मणिपूरच्या जॅक्सन सिंगने. सहा फुटांच्या वरचा गडी. त्याचा जन्म जून २००१चा, म्हणजे अटीपेक्षा जवळजवळ दीड वर्षाने लहान. त्याच्या उंचीकडे बोट दाखवून कुणी “हा सोळाचा नव्हे” म्हटलं असतं, तर आपल्याला चाललं असतं का? नुसत्या नजरेने वय ठरवता येत नाही, ना घानाच्या पोराचं, ना मणिपूरच्या.

आता खोटं वय लावलं तर काय होतं, याची एक गोष्ट. ती जरा लांब आहे, पण प्रत्येक क्रीडाशिक्षकाला पाठ असावी अशी आहे. एप्रिल १९८८. ग्वाटेमालात युवा विश्वचषकाची पात्रता फेरी होती, वीस वर्षांखालच्यांची. मेक्सिकोने त्यात चार जास्त वयाचे खेळाडू उतरवले. ते सापडले कसे? मेक्सिकोच्या फुटबॉल महासंघाने स्वतःच छापलेल्या वार्षिक पुस्तकात खेळाडूंच्या जन्मतारखा दिलेल्या होत्या. एका पत्रकाराने त्या तारखा संघाच्या यादीशी ताडून पाहिल्या आणि जुळल्या नाहीत. तपासणी नाही, खबऱ्या नाही. स्वतःच्याच छापखान्यातून निघालेला पुरावा!

शिक्षा युवा संघापुरती राहिली नाही. फिफाने मेक्सिकोच्या सगळ्या राष्ट्रीय संघांवर दोन वर्षांची बंदी घातली. लक्षात घ्या, दोनच वर्षांपूर्वी, १९८६ला, हाच देश विश्वचषकाचा यजमान होता आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला होता. आता सोल ऑलिंपिकची जागा गेली आणि तिथे ग्वाटेमाला खेळला. १९९०च्या विश्वचषकाचं दारही बंद. मेक्सिकोचा ह्यूगो सांचेझ तेव्हा रिआल माद्रिदकडून खेळत होता. १९८९-९०च्या हंगामात त्याने स्पॅनिश लीगमध्ये ३८ गोल केले आणि त्या उन्हाळ्यात तो विश्वचषकात नव्हता. युवा संघाच्या यादीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पात्रता फेरीत मेक्सिकोशी गाठ पडणार होती कोस्टा रिकाची. त्यांना पुढे चाल मिळाली आणि इटलीत जाऊन त्यांनी स्कॉटलंड आणि स्वीडन दोघांनाही हरवलं. १९५०नंतर प्रथमच अमेरिकाही पात्र ठरली. चार पोरांच्या चार तारखांनी एका खंडाच्या फुटबॉलची मांडणी हलवली. आपल्याकडे तालुक्याच्या स्पर्धेत कुणी म्हणतं ना, “एका पोराने काय होतंय”, तेव्हा मला हे प्रकरण आठवतं.

म्हणजे त्या काळी सगळी भिस्त कागदावर. आणि कागदाचं काय असतं ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे! सभागृहात १ जूनला वाढदिवस असणाऱ्यांनी जरा हात वर करा. बघा, पहिल्या तीन रांगांतच किती हात आले. यात लबाडी कुणाचीच नाही. जून महिन्यात शाळेत नाव घालताना आईला तिथी आठवायची, पाऊस आठवायचा, तारीख नाही. गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. पण खेळाच्या संघटनेपुढे तोच कागद उभा राहतो. म्हणून व्यवस्थापकांसाठी एक सूचना, ही लिहून घ्या. जन्मदाखल्यावर दोन तारखा असतात, जन्माची आणि नोंदणीची. आपण पहिली वाचतो, तुम्ही दुसरी वाचा. १९६९च्या कायद्याने नोंदणी २१ दिवसांत व्हायला हवी, आणि वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही. जन्म २०१०चा आणि नोंदणी गेल्या वर्षी, निवड चाचणीच्या तोंडावर, असा दाखला आला तर शाळेचं जनरल रजिस्टर मागवा. पहिलीत नाव कधी दाखल झालं ते त्यात सापडतं.

कागदाला पर्याय म्हणून मनगट आलं. आपल्या हातात, अंगठ्याच्या बाजूला, रेडियस नावाचं हाड आहे. मनगटाजवळच्या त्याच्या टोकाला वाढ होत असेपर्यंत कूर्चेचा एक पातळ थर असतो. एमआरआयमध्ये हाडातल्या मगजाची चरबी उजळ दिसते आणि तो थर गडद रेघेसारखा. वाढ संपत आली की रेघ मध्ये मध्ये तुटते, कडेला थोडी उरते, मग पुसली जाते. फिफाच्या डॉक्टरांनी स्वित्झर्लंड, मलेशिया, अल्जेरिया आणि अर्जेंटिना इथल्या १४ ते १९ वयाच्या फुटबॉलपटूंची डावी मनगटं तपासली. अभ्यास २००७ला प्रसिद्ध झाला. त्यांनी सहा पायऱ्या ठरवल्या: पहिलीत रेघ अखंड, तिसरीत निम्म्याहून कमी भाग जुळलेला, चौथीत निम्म्याहून जास्त, पाचवीत पाच मिलिमीटरपेक्षा कमी रेघ शिल्लक, सहावीत काहीच नाही. सोळा वर्षांच्या मुलात सहावी पायरी अत्यंत विरळा. म्हणून सहावी म्हणजे बाद. २००९च्या नायजेरियातल्या विश्वचषकापासून फिफा ही तपासणी वापरते.

एक्स-रे का नाही, असं विचाराल. आपलं क्रिकेट मंडळ हाताच्या एक्स-रेवर टीडब्ल्यू-३ नावाच्या, हाडांच्या वाढीवरून वय मोजण्याच्या पद्धतीने वय काढतं, हे पालकांना माहीत असतं. एक्स-रेमध्ये किरणोत्सर्ग आहे. मुलाला आजार नसताना, उपचारासाठी गरज नसताना तो द्यावा का, हा फिफाच्या डॉक्टरांपुढचा प्रश्न होता. एमआरआयमध्ये तो नाही. खर्च मात्र जास्त, आणि हात हलला की चित्र धूसर. पाचवी पायरी की सहावी हे ठरवायला तर एमआरआयचा प्रत्येक काप, म्हणजे मनगटाच्या प्रत्येक थराचं चित्र, स्वच्छ लागतं.

ही तपासणी किती कठोर आहे ते कॅमेरूनने दाखवलं. २०२२च्या डिसेंबर अखेरीस पात्रता फेरीआधी त्यांनी ३० मुलांची मनगटं तपासली, तर २१ बाद! पण तिची मर्यादाही समजून घ्या. अठरा-एकोणीसच्या बऱ्याच मुलांची रेघ शिल्लक असते, ती सुखाने पार होतात. अंगात उशिरा भरणारा, लहानपणी पोटाला नीट न मिळालेला मुलगा वयाने मोठा असूनही सुटतो. उलट एखाद्या खऱ्या सोळा वर्षांच्या मुलाची रेघ लवकर मिटली, तर तो दाखला हातात धरून घरी बसतो. त्या मुलाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. मुलींमध्ये तर हाडं आधीच जुळतात, त्यामुळे हे मोजमाप त्यांना लागूच होत नाही. २०२२ला मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाला. डी. वाय. पाटीलवर स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. तिथे आधार कागदपत्रांचाच.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर निवड.

वय खरं असलं तरी निवड चुकते. गट १ जानेवारीने पडतो. जानेवारीचा आणि डिसेंबरचा मुलगा एकाच गटात, पण बाराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे खूप झाले. जगभर युवा संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीतली मुलं जास्त निवडली जातात. आपण खेळ निवडतोय असं वाटतं, निवडलेली असते आधी झालेली वाढ. २०१७च्या अंतिम सामन्यात कोलकात्यात स्पेन २-० पुढे होता, इंग्लंडने ५-२ने जिंकलं. त्यातले दोन गोल फिल फोडेनचे, स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉलही त्यालाच. अंगाने किरकोळ पोरगा. आपल्या चाचणीत तो पहिल्या दिवशी घरी गेला असता, असं मला खरोखर वाटतं.

उपाय दोन-तीन सांगतो, पटापट. मुलांची उंची दर तीन महिन्यांनी मोजा: अनवाणी, टाचा भिंतीला लावून, सकाळीच, कारण संध्याकाळपर्यंत उंची थोडी घटते. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरच्या वर वाढ दिसली तर उड्या आणि स्प्रिंट कमी करा. गुडघ्याखालचं आणि टाचेचं दुखणं याच काळात सुरू होतं. दुसरं, महिन्यातून एकदा वयाऐवजी वाढीप्रमाणे गट पाडून खेळवा. प्रौढपणीच्या अंदाजी उंचीच्या ८५ ते ९० टक्क्यांवर पोचलेल्या मुलांची अशी स्पर्धा इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगने २०१५ला घेतली. अंदाजासाठी मुलाचं वय, उंची, वजन आणि आईवडिलांची सरासरी उंची पुरते, खामिस-रोश पद्धतीचे तक्ते आहेत.

आणि तिसरा उपाय बिनखर्चाचा. नेदरलँड्समध्ये स्काउटांवर, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांवर, तो तपासून पाहिलाय. चाचणीला बिब, म्हणजे अंगावर चढवायच्या नंबरच्या बंड्या, वाटताना नंबर जन्मतारखेच्या क्रमाने द्या. सर्वांत मोठ्याला १, सर्वांत लहानाला शेवटचा. निवडणाऱ्यांना आधी सांगून ठेवा, की आकडा जितका मोठा तितका मुलगा लहान. नुसती वयाची यादी हातात दिली तर मोठ्या मुलांकडचा झुकाव तसाच राहिला, बिबचे आकडे तसे लावल्यावर तो दिसेनासा झाला. येत्या चाचणीत रजिस्टर तारखेप्रमाणे लावा आणि मगच बिबचा गठ्ठा सोडा.