वाण सरस, की जमीन चांगली?

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी जवाबद्दल बोलणार आहे, पण आपल्याकडच्या नाही. गोष्ट आयर्लंड आणि इंग्लंडमधली आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. नवा वाण जुन्यापेक्षा खरंच सरस आहे का, हे ठरवण्याची जी रीत आज आपली कृषी विद्यापीठंही वापरतात, तिचा मोठा भाग माल्टच्या जवापायी घडला, म्हणून ती सांगावीशी वाटते.

आधी, बिअर करायला लागणारा हा माल्ट म्हणजे काय, ते पाहू. जव भिजत घालायचा, निथळून पसरायचा आणि चार-पाच दिवस त्याला मोड येऊ द्यायचे. मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात. ती दाण्याचा कठीण गाभा मऊ करतात आणि पुढे पिष्टाची साखर करतात. मोड पुरेसे आले की जव भट्टीत गरम हवेवर वाळवतात आणि वाढ थांबवतात. घरी मटकीला मोड आणताना दोन-चार दाणे गणंग राहिले तर आपण ते निवडून टाकतो. माल्टवाल्यापुढे मात्र दाण्यांचे ढीग पडलेले असतात. त्याला सगळा दाणा एकाच वेळी मोड येणारा हवा, टपोरा हवा आणि प्रथिनं कमी असलेला हवा, कारण प्रथिनं वाढली की पिष्ट घटतं आणि अर्क, म्हणजे माल्टमधून पाण्यात उतरणारा साखरेचा अंश, कमी उतरतो. शेतकऱ्याला मात्र पोत्यांचा आकडा वाढवायचा असतो. त्यासाठी त्यानं नत्र जास्त दिलं तर दाण्यातली प्रथिनं चढतात, ताट लोळतं आणि माल्टवाला माल नाकारतो. नवा वाण काढणाऱ्याला या दोघांनाही राजी करायचं असतं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोघांनी हे काम नेटानं केलं. इंग्लंडमधल्या वॉर्मिन्स्टरला ई. एस. बीवन नावाचे माल्टचे व्यापारी होते. त्यांनी प्लुमेज आणि आर्चर या वाणांचा संकर केला. आयर्लंडमध्ये हर्बर्ट हंटर यांनी स्प्रॅट आणि आर्चर यांचा केला. सांगायला हे एका वाक्याचं काम आहे, करायला मात्र फार चिकाटी लागते. जवाच्या एकेका फुलात तीन परागकोश असतात आणि ओंबी पुरती बाहेर पडण्याआधीच फुलाचं परागीभवन आपल्या आपण उरकतं. म्हणून त्याच्याही आधी, कोवळी ओंबी उकलून, चिमट्यानं ते तीन परागकोश काढायचे, ओंबीला पिशवी घालायची आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग आणून लावायचा. हातात येतात ते मूठभर दाणे. पहिल्या पिढीची रोपं एकसारखी दिसतात. दुसऱ्या पिढीत मात्र उंच, बुटकी, लवकर येणारी, उशिरा येणारी अशी सगळी सरमिसळ होते. त्यातून एकेक रोप निवडत, त्याचं बी वेगळं ठेवत, वर्षामागून वर्षं जातात.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो याच्या पुढचा टप्पा. समजा, निवडलेल्या वाणानं एका वाफ्यात शेजाऱ्यापेक्षा थोडा जास्त दाणा दिला. तो वाणाचा गुण, की त्या जागी पूर्वी शेणखताचा ढीग होता म्हणून? की तिकडे ओल जास्त टिकली म्हणून? एकाच शेतातली जमीन दहा पावलांवर बदलते, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय वर्षाला पीक एकच, म्हणजे आकडे मोजकेच.

या अडचणीवर विचार करणारा माणूस डब्लिनच्या गिनेस या बिअर बनवणाऱ्या कंपनीत होता. विल्यम गॉसेट हे ऑक्सफर्डला रसायनशास्त्र आणि गणित शिकून 1899 मध्ये तिथे नोकरीला लागले. मोजक्या आकड्यांवरून किती भरवशानं बोलता येईल, याचं गणित त्यांनी 1908 मध्ये मांडलं. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावानं लिहू देत नसे, म्हणून ते ‘स्टुडंट’ या नावानं छापलं गेलं. त्या लेखातल्या उदाहरणांत जव आहेच. पेरणीआधी बियाणं भट्टीत वाळवलं तर फायदा होतो का, हा प्रश्न होता आणि हाताशी होत्या वाळवलेल्या आणि न वाळवलेल्या बियाण्याच्या उत्पन्नाच्या अवघ्या 11 जोड्या. दोन सरासरींतला फरक खरा की निव्वळ योगायोगाचा, हे तपासणाऱ्या ज्या रीतीला आज आपण टी-चाचणी म्हणतो, तिचं मूळ या लेखात आहे.

बीवन यांनी शेतातली बाजू सांभाळली. पाभरीच्या अर्ध्या भागात एक वाण, अर्ध्या भागात दुसरा, अशी ते पेरणी करत. पाभर शेतभर जा-ये करी आणि दोन्ही वाणांचे लांब पट्टे शेजारी-शेजारी पडत. जमीन बदलली तरी दोघांना जवळपास सारखीच मिळे. प्रयोगातले वाफे चिठ्ठ्या टाकून मांडावेत असं इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचं म्हणणं होतं. गॉसेट यांना मात्र बीवन यांच्यासारखी नेमून केलेली मांडणी पसंत होती. दोघांचा हा वाद गॉसेट यांच्या अखेरीपर्यंत, म्हणजे 1937 पर्यंत चालला. पुढे हेच शास्त्र आपल्याकडे रुजवण्यात दोन मराठी माणसं आघाडीवर होती : वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे. कृषी संशोधकांसाठी त्यांनी मिळून लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक 1954 मध्ये निघालं. कृषी पदवीचे विद्यार्थी त्याला नुसतं ‘पानसे-सुखात्मे’ म्हणतात.

आता स्प्रॅट-आर्चरकडे येतो. हा वाण आयर्लंडमध्ये जवळपास सगळीकडे चालला. फक्त एका भागातले शेतकरी तो घ्यायला तयार होईनात. आमचा गावठी जवच बरा, असं त्यांचं म्हणणं. कृषी खात्यानं त्यांची समजूत पटावी म्हणून त्या गावठी जवाचं निवडक बियाणं तयार केलं आणि त्याच भागात दोन्ही वाणांची चाचणी घेतली. निघालं असं, की शेतकऱ्यांचंच खरं होतं. गावठी जवाचं उत्पन्न जास्त आलं. त्या भागात तण फार. गावठी जव सुरुवातीला जोरानं वाढून तणाला दाबून टाकी. स्प्रॅट-आर्चर सुरुवातीला सावकाश वाढणारा, त्यामुळे तोच तणाखाली दबे. उत्तम मशागतीच्या प्रयोग केंद्रावर ही गोष्ट कधी दिसलीच नसती.

ज्यांनी त्या चाचणीचा निकाल स्वीकारला, त्या कृषी खात्यातल्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. शेतकऱ्यांना अडाणी ठरवणं सोपं होतं.

तुमच्यापैकी कोणी यंदा नव्या वाणाच्या चाचणीसाठी रान देणार असाल, तर एवढं करा. आपला नेहमीचा वाण त्याच दिवशी, तेवढंच खत घालून, नव्याच्या शेजारी पट्ट्यापट्ट्यानं पेरा. खुरपणी नेहमी करता तेवढीच करा, पाहुणे येणार म्हणून जास्त नको. आणि मळणी झाली की प्रत्येक पट्ट्याचं धान्य वेगळं वजन करून लिहून ठेवा.