भिंतीतून येणारा ठोका

नमस्कार श्रोतेहो. रात्रीचा एक वाजलाय. खालच्या मजल्यावरच्या बारमध्ये गाणं रंगात आलंय आणि तुम्ही अंथरुणावर कूस बदलताय. गाण्याचे शब्द कळत नाहीत, चालही कळत नाही. पोहोचतो तो नुसता ठोका. धप्, धप्, धप्. उशी कानावर दाबली तरी तो जात नाही, कारण तो पलंगाच्या पायांतूनही वर चढतो. भिंतीला तळहात लावून बघा, हाताला लागतो.

मग तक्रार होते. माणूस मीटर घेऊन येतो, आकडा बघतो आणि म्हणतो, "नियमात बसतंय." तो खोटं बोलत नसतो. घोळ मोजणीत आहे.

आवाज सहसा 'ए' मापनाने मोजतात. आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून हे मापनही खर्ज कमी धरतं. 63 हर्ट्‌झला, म्हणजे नेमक्या बेसच्या पट्टीत, सुमारे 26 डेसिबल वजा! खोलीत त्या पट्टीचा आवाज 66 असला तरी मीटर 40 दाखवणार. त्यात भिंती अडवतात ते मुख्यतः वरचे सूर. खर्जाची लाट साडेपाच मीटरच्या आसपास लांब. तिला साधी भिंत काय अडवणार?

न्यूयॉर्कने हे ओळखलं. तिथे 2007 पासून लागू असलेल्या नियमांत धंद्याच्या ठिकाणचं संगीत शेजाऱ्याच्या घरात मोजतात. 'ए' मापनाने 42 डेसिबलची मर्यादा आहेच, पण खर्जाच्या पट्ट्यांना, ती वजाबाकी न करता, 45 ची वेगळी मर्यादा लावली आहे. माझ्या मते खरा नियम हाच. जिथे झोप मोडते, तिथेच मोजायला हवं.

बार बंद करा, असं मी म्हणणार नाही. कितीतरी कलाकार अशाच छोट्या मंचांवर घडतात. शिवाय बार जुना आणि इमारत नवी असेल, तर भुर्दंड बारने का सोसायचा? लंडनच्या नियोजनात, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातही, नंतर येणाऱ्याने आवाज रोखण्याची सोय करायची असं तत्त्व आहे. मला ते न्याय्य वाटतं.

बाकी इलाज माहितीतलेच. स्पीकरखाली रबर, एकामागोमाग दोन दारं आणि लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीवर जाऊ न देणारं यंत्र. तो लिमिटर मात्र रिकाम्या हॉलमध्ये बसून लावू नये. एकाने खाली गाणं वाजवावं, दुसऱ्याने शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीत बसून फोनवर सांगावं, "अजून थोडं कमी... अजून... हां, आता नाही येत." तिथे थांबायचं आणि लिमिटरला कुलूप घालायचं.