लेन्स बंद करा, मग दिसेल

नमस्कार श्रोतेहो.

भर दुपारी पाण्याच्या हौदात वाकून पाहिलंत, तर तळाला उजेडाची जाळी हलताना दिसते. वरची लाट डोळ्याला जाणवतही नाही. पण ती उन्हाला किंचित वाकवते, आणि तळाशी पोचेपर्यंत काही किरण एकत्र येतात, काही फाकतात. हौद बोटभर खोल असता तर ही जाळी उमटलीच नसती. एवढं लक्षात ठेवा.

आता पर्मलॉयची फिल्म घ्या. सुमारे ८० टक्के निकेल, बाकीचं लोखंड. जाडी फक्त १० नॅनोमीटर. या पापुद्र्यात चुंबकत्वाचे वेगवेगळे वाफे असतात, त्यांना डोमेन म्हणतात. एका वाफ्यात चुंबकाची दिशा इकडे, शेजारच्यात तिकडे, मध्ये बांध. हे बांध बघायचे कसे?

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे की, उजेडाऐवजी इलेक्ट्रॉन आरपार सोडून बघणारा! पण गंमत अशी, की त्याची मुख्य लेन्स काचेची नसते, तीच एक जबरदस्त चुंबक असते. तिचं चुंबकी क्षेत्र सुमारे २ टेस्ला; टेस्ला म्हणजे चुंबकी क्षेत्राचा जोर मोजायचं एकक. दवाखान्यातल्या एमआरआयचं बहुतेकदा दीड. आणि नमुना ठेवायचा तो तिच्याच जबड्यात. सगळे वाफे एका झटक्यात एका दिशेला! रांगोळी नीट दिसावी म्हणून पंखा फुल्ल सोडावा, तसला प्रकार.

म्हणून ती लेन्स बंद करतात आणि लांबच्या, कमकुवत लेन्सवर काम भागवतात. २०० किलोव्होल्टने पळवलेला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे ७० टक्के वेगाने फिल्ममधून आरपार जातो. तिथलं क्षेत्र १ टेस्ला असेल, तर तो किती वळतो? किलोमीटरभर अंतरात ६ मिलिमीटर. नेमक्या फोकसमध्ये हे वळण दिसतच नाही. मग फोकस मुद्दाम बिघडवायचा, म्हणजे हौद खोल करायचा. बांधावर कुठे इलेक्ट्रॉनांची गर्दी होऊन पांढरी रेघ उमटते, कुठे ते फाकून काळी. फोकस दुसऱ्या बाजूला नेला की पांढरीची काळी होते. हेल, फुलर आणि रुबिनस्टाइन यांनी या पद्धतीची निरीक्षणं १९५९ साली प्रसिद्ध केली.

फसगतही होते. फिल्मला सुरकुती असली तरी काळे पट्टे येतातच. अशा वेळी नमुना जरा कलवून ठेवायचा आणि त्याच हाकललेल्या लेन्सला थोडा थोडा करंट द्यायचा. बांध असेल तर सरकतो, सुरकुती जागची हलत नाही. मला तर या सगळ्यात ही युक्तीच जास्त आवडते.

२०१० मध्ये जपानी संशोधकांनी याच पद्धतीने लोखंड, कोबाल्ट आणि सिलिकॉनच्या पातळ फिल्ममध्ये स्कर्मिऑन नावाचे चुंबकी भोवरे पाहिले, षटकोनी जाळीत ओळीने बसलेले.

पण फोकस बिघडवला की बारकावा जातो, अणू दिसत नाहीत. त्यावर टोकियो विद्यापीठ आणि जेओल कंपनीने २०१९ मध्ये तोड काढली. नमुन्याच्या वर एक लेन्स, खाली एक, दोघींची क्षेत्रं उलटी. मधोमध दोन्ही एकमेकांना खोडतात आणि नमुना सुखरूप राहतो. २०२२ मध्ये त्यांनी त्यात हेमटाइट ठेवलं. गोव्याच्या खाणींतून बोटी भरभरून गेलं, ते लाल खनिज मुख्यतः हेच. त्यात अणूंच्या एका थराची चुंबकी दिशा इकडे, तर पुढच्या थराची तिकडे, म्हणून बाहेरून बेरीज जवळपास शून्य. आतली ही उलटसुलट क्षेत्रं त्यांना थराथराने दिसली. खूण इतकी पुसट होती, की स्फटिकातले एकसारखे अनेक तुकडे एकमेकांवर ठेवून सरासरी काढावी लागली.